कच्च्या रंगाच्या बाई

आधी बाईंचं सांगते, माझं नंतर. माझ्यात आज जे काही धड आहे, म्हणजे चार माणसांत तोंड उघडणं, परक्या गावात बसचा रस्ता विचारणं, मशीनवर बसल्यावर हात जागेवर राहणं, ते सगळं हिंगोलीत रेल्वे लाइनीपलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या एका बाईंनी मला दिलं. त्यांचं नाव लिहू नकोस असं त्यांनीच फोनवर बजावलंय. म्हणून नुसतं बाई म्हणते. दिलं म्हणते खरं, पण त्या काही देताहेत असं तेव्हा कधी वाटलं नाही. बहुतेक वेळा त्या झोपलेल्या असायच्या.

हे मी चेष्टेनं म्हणत नाही. दुपारचं जेवण झालं की बाई खिडकीजवळच्या पायमशीनवर बसायच्या. लाकडी रिंगेत कापड ताणलेलं असायचं. पाय हलायला लागायचे, हात रिंग फिरवायचे, खिडकीतलं ऊन हळूहळू मशीनच्या चाकावर चढायचं, आणि कधीतरी बाईंची मान एका अंगाला कलायची. डोळे मिटलेले, पाय मात्र चालू. अकोल्याकडची गाडी गेली की भिंती हलायच्या, फळीवरच्या रिळांचा खुळखुळ आवाज व्हायचा. बाई हलायच्या नाहीत. जाग आली की समोरच्या कापडाकडं बघून कौतुकानं म्हणायच्या, ‘अरे वा, हे कोणी केलं?’

त्या आमच्या घरमालकीण. लग्न झालं तेव्हा आमचे हे हळदीच्या मोंढ्यातून, घाऊक बाजारातून, मालाचा टेम्पो चालवायचे. नांदेड, अकोला, वाशीम, कधी कुठं, कधी कुठं. आमची खोली बाईंच्या घराला लागून, मधे एक भिंत. दिवसभर मी एकटी. दाराची कडी लावली का ते बघायचं, परत बघायचं, गॅस बंद आहे का ते बघायचं, ह्यांचा फोन आला नाही तर टेम्पो कुठल्या पुलावरून खाली गेला असेल ते मनात बघायचं. असा माझा दिवस. त्यात भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा. तो शिलाईचा आवाज नव्हता. शिलाई सरळ पळते. हा आवाज धावायचा, थबकायचा, वळायचा, एका जागी घुमायचा. पाखराला खोलीतून बाहेर जायची वाट सापडत नाही तसा.

एका दुपारी मी दारातून डोकावले, तर बाई गाढ झोपेत आणि सुई खालीवर चाललेली. बोट आत जाणार, मला दिसतच होतं. मी धावत जाऊन चाकच धरलं. बाईंनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, ‘आलीस का, बरं झालं, जरा धर’ असं म्हणून रिंग माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेल्या. तो चहा काही आला नाही. मी रिंग धरून बसले. ऊन उतरेपर्यंत तशीच बसले, कारण सोडावी की नाही ते मला कळेना.

तिथून माझं जाणं सुरू झालं. बाईंनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांना मुळात शिवताच यायचं नाही. कुणी ब्लाउजचं कापड घेऊन आलं तर ‘मला येत नाही’ म्हणून परत पाठवायच्या, आणि लोकांना तो नम्रपणा वाटायचा. पण ते खरंच होतं. त्यांच्या स्वतःच्या ब्लाउजची एक बाही कोपरापर्यंत आणि दुसरी त्याच्या बरीच वर. सरळ शिलाई मारायला घेतली की ती मधेच कुठंतरी बघत बघत भलतीकडं जायची. सगळी नोकरी सरकारी कचेरीत रकाने भरण्यात गेली होती. सरळ रेघेवरून त्यांचं मनच उडालं होतं म्हणा.

त्यांचं सुख भरतकामात. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय त्या काढून ठेवायच्या, कापड पुढं ढकलणारे दाते झाकून टाकायच्या, आणि मला म्हणायच्या, ‘आता ती मोकळी झाली. आता कापड जाईल तिकडं दोरा जाईल.’ छाप नाही, पेन्सिल नाही, कागद नाही. रिंग पाण्यात पान फिरावं तशी फिरायची आणि मागं पानं, कणसं, ढग, कधी नुसत्याच भिंगऱ्या उमटत जायच्या. माझ्या हातात रिंग आली की सुई तुटायची. तुटली की मी मशीनपासून लांब सरकायची. बाई म्हणायच्या, ‘सुईच आहे, म्हैस नाही मेली.’

आणखी एक खोड. बाई भरतकाम आतून करायच्या. उशीच्या अभ्र्याच्या आत, परकराच्या घेरात खालून, पिशवीच्या तळाला. बाहेरून बघाल तर साधं कापड. आमच्या ह्यांचा एक शर्ट उसवला म्हणून मी बाईंच्या मशीनवर नेला होता. आठवड्यानं हे खिशातून मोबाइल काढताना बोटाला काही लागलं म्हणून खिसा उलटा करून बघतात, तर आत हिरव्या दोऱ्याचं ज्वारीचं कणीस. एकेक दाणा भरलेला. तेव्हापासून हे लांबच्या भाड्याला जाताना तोच शर्ट मागायला लागले. मी बाईंना विचारलं, असं लपवून काहून करता? त्या म्हणाल्या, ‘बाहेरचं लोकांसाठी असतं. आत त्याचं त्याला.’ आणि परत झोपल्या.

रंगाचं तर विचारूच नका. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल आणि त्यावर जर्मनची पातेली, काळी, कानाला दोरी बांधलेली. औंढ्याच्या रस्त्यानं पळस फुलला की बाई भल्या सकाळी पिशवी घेऊन एसटीनं जायच्या आणि खाली पडलेली फुलं वेचून दुपारी परत. डाळिंबाची सालं उन्हात. गूळ घातलेल्या पाण्यात गंजके खिळे. कांद्याची सालं त्या भाजीवाल्याकडून आणायच्या. त्याला वाटायचं बाईंकडं शेळी आहे. तो शेळीची तब्येत विचारायचा आणि बाई ‘बरी आहे आता’ म्हणून सांगायच्या. खिळ्यांच्या पाण्यानं काळे झालेले हात घेऊन त्या बँकेत जायच्या, देवळात जायच्या, आणि कुणी हाताकडं बघितलं तर त्याही हाताकडं बघायच्या, जणू आत्ताच त्यांच्या लक्षात आलं.

पण सगळ्यात जीव हळदीवर. आणि हळद तर कच्चा रंग. मोंढ्यातून उत्तम हळद आणायची, आधी कापड तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, मग हळदीत उकळायचं. पडदे असे निघायचे की खोलीत दिवसा दिवा लावल्यासारखं व्हायचं. आणि हिंगोलीच्या उन्हात महिनाभरात ते पडदे सायीच्या रंगाचे होऊन जायचे. बाई परत रंगवायच्या. शेजारचे काका म्हणायचे, बाई, बाजारात पक्का रंग पुडीत मिळतो, तकलीफ वाचंल. बाई म्हणायच्या, ‘पक्का रंग एकदाच भेटतो हो. हा जातो आणि परत येतो.’ सकाळी उठून त्या रात्रीच्या स्वप्नाची खबर द्यायच्या, पाहुण्याची द्यावी तशी. जांभळा आला होता म्हणे. थांबला नाही.

मी नववीतून शाळा सोडली. लोकांना वाटतं, घरच्यांनी सोडवली असेल. तसं नव्हतं. वर्गात धडा वाचायला उभं केलं आणि माझा आवाज आला नाही. पुस्तक दिसत होतं, अक्षरं दिसत होती, आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी पण तेच. मग रोज शाळेच्या वेळेला पोट दुखायला लागलं. घरच्यांनी पोटाचं औषध दिलं, नंतर शेतात नेलं, शेतात पोट दुखेना. शाळेतल्या बाईंना बाईच म्हणतात, त्यामुळं ह्या बाईंना हाक मारतानाही सुरुवातीला माझी जीभ अडकायची. मी नुसतीच त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची. एकदा मी त्यांना हे सगळं सांगितलं. दया करतील, समजूत घालतील अशी तयारी ठेवली होती. बाई दोरा ओवत म्हणाल्या, ‘मला ऑफिसातला फोन उचलायची भीती वाटायची. वाजू द्यायची मी. वाजून वाजून गप बसायचा तो.’ मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी एक अख्खं पान भरलं आणि सुई तुटली नाही.

आता त्या पिवळ्या साडीचं सांगते.

माझं सासर कनेरगाव नाक्यापासून आत, शेतातल्या वस्तीवर. लग्न होऊन गेले तेव्हापासून तिथं माझं नाव मुकी. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना बोलणारं माणूस लागायचं. मला काही विचारलं की मी नुसती मान हलवायची. त्या बाकीच्या बायांना म्हणायच्या, ‘दिसाया बरी हाय, पर रेडिव बंद हाय.’ घरात काही काम निघालं, कुणाकडं निरोप द्यायचा, कुणाला आणायचं, काही ठरवायचं, की माझ्यावरून नजर सरकायची आणि दुसऱ्या कुणावर थांबायची. असं बरेच दिवस झालं की माणसाला स्वतःलाही वाटायला लागतं, आपण इथं नाहीच.

नणंदेचं लग्न ठरलं. हळदीला नवरीला नेसवायचं पिवळं कुठून आणायचं ह्यावर बोलणं चाललं होतं आणि सासूबाई म्हणाल्या की आपल्या शेतात हळद निघती न दुकानातलं पिवळं काहून आणायचं. त्यावर कुणीतरी म्हटलं, मी रंगवते. सगळे माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मला कळलं की ते मी म्हटलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, बघ माय, नवरीचं हाय. एवढंच. पण त्या घरात माझ्या हातात दिलेलं ते पहिलं काम.

बाईंच्या अंगणात ती साडी रंगली. पांढरी सुती साडी, आमच्याच शेतातली हळद. बाई चुलीपाशी पाटावर बसून डुलक्या घेत होत्या आणि मी काठीनं कापड वरखाली करत होते. पदर वर काढला तेव्हा मला माझीच भीती वाटली, इतकी पिवळी. पदराच्या आतून मी कडेकडेनं हळदीची पानं भरली. हात थरथरत होता तिथं पानाला वारा लागल्यासारखं दिसायचं. बाई म्हणाल्या, ते उसवू नको.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी साडी घेऊन आम्ही गावी पोचलो. घराला नवा डिस्टेंपर दिला होता, पण अंगणाची बुटकी भिंत सासूबाईंनी नेमानं चुन्यानंच पोतारून घेतली होती, त्याच सकाळी. मी पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी साडी उलगडली, आणि त्यांच्या तोंडावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. त्या आतल्या आत हसल्या. साडी घेऊन तशाच बाहेर गेल्या. अंगणात वस्तीवरच्या बाया गहू निवडत बसल्या होत्या. मी आतून ऐकलं, सासूबाई मोठ्यानं म्हणत होत्या, ‘ह्ये माझ्या सुनेनं केलंय.’ मुकीनं नाही. सुनेनं.

त्यांनी साडी सगळ्यांना दिसावी म्हणून भिंतीवर पसरली.

मी बाहेर आले तेव्हा बायांचे हात गव्हातच थांबले होते. साडीवर लाल डाग उठत होते. भिंतीला जिथं जिथं कापड टेकलं तिथं तिथं आतून वर येत होते, गर्द, ओले. सासूबाईंनी साडी ओढून घेतली तर दुमडलेल्या ठिकाणी आणखी उठले. शेजारच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या, पान खाणाऱ्या, त्या हळूच म्हणाल्या, ‘नवरीच्या पिवळ्यावर रगत. ह्ये बरं न्हाई.’ त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. पण एकदा शब्द निघाला की निघाला. सासूबाईंनी साडी माझ्या हातात दिली. रागावल्या नाहीत. माझ्यावरून त्यांची नजर सरकली आणि दुसरीकडं गेली. त्या ह्यांना म्हणाल्या, वाशीमला जाऊन दुकानातलं एक पिवळं घेऊन ये.

हे टेम्पो काढून निघाले. मी मागच्या खोलीत जाऊन बाईंना फोन लावला. मला धड सांगता येईना. बाईंनी एकच विचारलं, लाल कसला आहे, विटेसारखा की कुंकवासारखा? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, मी येते. हे वाशीमला गेलेच नाहीत. बाईंनी त्यांना फोन करून हिंगोलीला वळवलं. बाई कधी कुणाच्या घरी जात नसत. त्या दुपारी टेम्पोतून उतरल्या, एक बाही लांब, एक आखूड, काखेत बसायची उशी, हातात कागदात बांधलेली चिंच.

साडी बघितली, मग उठून अंगणातल्या भिंतीपाशी गेल्या. भिंतीवर पण साडीच्या दुमडीएवढा लाल पट्टा उमटला होता. बाईंनी त्याच्यावर बोट फिरवलं आणि त्या हसल्या, झोपेतून उठल्यावर हसायच्या तशा. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘चुना आहे. चिंचेच्या पाण्यात बुडवली तर परत पिवळी होईल. करू?’

मी अंगणात बघितलं. बाया गहू निवडत होत्या आणि निवडत नव्हत्या. मी म्हटलं, पिवळी होईल, पण ह्या बायांनी बघितलेलं जाणार नाही. उद्या नणंदेला ठेच लागली तरी ह्याच साडीचं नाव निघेल.

‘मग सांग त्यांना.’

‘तुमी सांगा, बाई. तुमचं ऐकतील.’

‘मला कोण ओळखतं इथं? आणि मला झोप आली आहे.’ बाईंनी चिंच माझ्या हातात दिली, सोप्यात हळदीची पोती रचली होती त्यांना पाठ लावली, उशी टेकली आणि डोळे मिटले. त्या तेव्हा खरंच झोपल्या होत्या का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

माझ्या एका हातात चिंच होती, एका हातात साडी. चिंच घेऊन गुपचूप न्हाणीत जाणं सोपं होतं. संध्याकाळपर्यंत साडी पिवळी झाली असती आणि मी परत मुकी. मी चिंच पोत्यावर ठेवली.

अंगणात गेले. पोट दुखायला लागलं होतं, अगदी शाळेच्या वेळेसारखं. मी पान खाणाऱ्या आजींच्या समोर बसले आणि हात पुढं केला. त्यांना वाटलं मला पान पाहिजे. मी त्यांच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि साडीच्या कोऱ्या पिवळ्या जागी टेकवला. सगळ्या बघत होत्या. बोट उचललं तर खाली लाल टिकली. गोल, गर्द. देवीच्या कपाळावर असते तशी.

आवाज आला. माझाच होता. बारीक होता, पण आला.

‘ह्ये रगत न्हाई, आजी. ह्ये कुंकू हाय. जुन्या बाया हळदीत चुना घालूनच कुंकू करायच्या न? ही साडी भिंतीला टेकली. आपल्या घराच्या भिंतीनं पोरीला कुंकू लावलं. आता ती जाणार म्हणून.’

एक कोंबडी गव्हात शिरली आणि तिला कुणी हाकललं नाही.

आजी साडीवर वाकून त्या टिकलीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, व्हय माय, माझी आजेसासू करायची घरी, चुन्याची निवळी घालून. इसरलेच व्हते मी. सासूबाई भिंतीकडं बघत होत्या. पुढं येऊन त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘भिंतीवर तर मीच टाकली व्हती.’ मी मान हलवली. त्यांनी आजींच्या डबीत बोट बुडवलं आणि माझ्या टिकलीच्या शेजारी एक टिकली लावली.

नवरी, म्हणजे माझी नणंद, आतल्या दारात कधीची उभी होती. ती म्हणाली, ‘मग एवढ्यावरच काहून थांबता? समद्या काठानं लावा की. मला का नुसत्या डागाची नेसवता?’

मग काय विचारता. गहू बाजूला राहिले. बाया साडीभोवती बसल्या. आजी डबी मधे ठेवून मागं सरकल्या. त्यांचे मालक जाऊन खूप वर्षं झाली होती, त्यांना वाटलं आपलं बोट कसं चालेल. नणंदेनंच त्यांचा हात धरून पदराला लावला आणि म्हणाली, चुना तुमचा, न बोट काहून न्हाई? चुना संपला तर भिंतीजवळच्या बादलीतला आणला. मी खराट्याची काडी घेऊन टिकल्यांना टिकल्या जोडत गेले. माझा हात थरथरतच होता, तो कुठं जाणार. त्या थरथरीतून काठाला एक वेल झाला. दुपार तशीच त्या पिवळ्यात बसून राहिल्यासारखी वाटत होती. कुणाची बोटं कुणाच्या हाताला लागत होती, कुणी मधेच ओवी म्हणत होतं, आणि मला वाटत होतं मी बाईंच्या खिडकीत बसले आहे आणि हे सगळं कापडावर आपोआप उमटतंय.

सोप्यातून बाईंचा आवाज आला, ‘माझी झोप झाली. चहा कोण करतंय?’ सासूबाई स्वतः उठल्या.

दुसऱ्या दिवशी नणंद तीच साडी नेसून हळदीला बसली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो लाल तपकिरी पडला, मग गेला, पिवळाही उडाला. नणंदेनं फोनवर हळहळत सांगितलं. मी बाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मोकळी झाली साडी. सासूबाईंनी मुकी म्हणणं सोडलं. आता त्या उलटं म्हणतात, ‘हिला बोलाया लावलं न चूकच झाली, आता थांबायची न्हाई.’ घरात काही ठरायचं असलं की मला फोन येतो. कुणाला साडी घ्यायची, कुणाशी बोलायचं, दिराच्या कॉलेजचं काय करायचं. मी सांगते. चुकलं तर चुकलं.

आता आम्ही खाली दक्षिणेत, तिरुप्पूरला असतो. ह्यांना इथं सुताच्या गाड्यांवर काम मिळालं आणि मला एका कारखान्यात भरतकामाचे नमुने करायचं. ह्या गावाची भाषा मला येत नाही. पहिल्या दिवशी माणसांनी भरलेल्या लांबलचक शेडमधे मला मशीनपाशी उभं केलं आणि हातवाऱ्यांनी विचारलं, येतं का. मी मशीनचा पाय काढला, दाते झाकले, आणि रिंग फिरवायला लागले. आजूबाजूच्या बाया आपापल्या मशीनवरून उठून बघायला आल्या. इथल्या बायांची भाषा मी थोडी थोडी शिकत राहिले, चुकीची, पण मोठ्यानं. घर लांब आहे. संध्याकाळी शेडच्या बाहेर आलं की कधी कधी कळत नाही मी कुठं आहे. मग बाईंना फोन लावते.

बाई आधी रात्री कोणता रंग आला होता ते सांगतात. मग शेळीची तब्येत. भाजीवाला अजून विचारतो म्हणे. मी एकदा त्यांना इथून एक चांगली साडी पाठवली होती. त्यांनी ती रंगवली, फाडली, गल्लीतल्या पोरींना तिची झबली, पिशव्या करून वाटल्या आणि उरलेला तुकडा मला परत पाठवला, आतून भरून. अशा माणसाला काय द्यायचं?

हल्ली मात्र त्या दोरा अंदाजानं ओवतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून खूप दिवस झाले. बाई पुढं ढकलतात. आधी ऊन जाऊ दे म्हणाल्या, मग भाच्याला सवड नाही म्हणाल्या, मग अधिक महिना. मागच्या रविवारी मी जरा जोरातच विचारलं.

‘पलीकडच्या काकांचं झालं ऑपरेशन,’ बाई म्हणाल्या. ‘त्यांना आता सगळं निळसर, लख्ख दिसतं. म्हणतात, मोतीबिंदूनं डोळ्यांवर पिवळी झाक धरली होती, ती आता कळली. पोरी, मी इतकी वर्षं जो पिवळा बघितला, तो कापडावरचा नसेलच तर? माझ्या डोळ्यातलाच असेल तर?’

त्यांनी लगेच विषय बदलला, तिकडं पाऊस आहे का विचारलं. पण त्या घाबरलेल्या आवाजाची मला ओळख आहे. त्या आवाजाबरोबर मी लहानाची मोठी झाले. बाईंच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता.

म्हणून इथं सगळ्यांच्या समोर लिहून देते. बाई, हे कुणाकडून तरी वाचून घ्या. ऑपरेशनचा दिवस ठरवा आणि मला कळवा. रजा देवोत न देवोत, मी येणार. दवाखान्यात तुमच्या वतीनं जे बोलायचं ते मी बोलेन, नर्सशी, डॉक्टरशी, भाच्याशी, सगळ्यांशी. बाहेरच्या बाकावर मी बसेन. आणि पट्टी सुटेल तेव्हा तुमच्या समोर आधी मी असेन. पिवळ्याचं काय ते मग आपण दोघी मिळून बघू.